काळ्या मातीवर छोटं मातीचं घर (राऊ, इंदूर): पाया, ब्लॉक आणि छपराचा हिशेब तपासून हवा आहे

राऊकर (प्रश्न)

राऊच्या पुढे, महू रोडपासून जरा आत ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे. डायव्हर्शन (शेतजमीन घरासाठी वापरायची नोंद) झालेलं आहे. घर स्वतःच उभं करायचंय. ठेकेदार नाही, एक मिस्त्री आणि रोजावर तीन-चार मजूर.

नकाशा साधा आहे. बाहेरून ७.२ × ६ मीटर, लांबी पूर्व-पश्चिम. मधोमध उत्तर-दक्षिण एक आडवी भिंत, म्हणजे दोन खोल्या. पूर्वेकडच्या खोलीत स्वयंपाकाची जागा आणि कोपऱ्यात न्हाणी-संडास. भिंती २.७ मीटर, वर दोनपाखी छप्पर, मंगलोरी कवेलू (कौलं), उतार ३० अंश. दारं तीन (०.९ × २.१), खिडक्या पाच (१.२ × १.२).

दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. एकीकडे ४ फूट काळी माती लागली, दुसरीकडे जवळपास ५ फूट. त्याखाली पिवळसर मुरूम.

विचारायचं ते असं. खोदून निघालेली काळी माती भिंतीत वापरता येईल का? भिंत हाताने थापलेल्या मातीची करावी की दाबलेल्या ब्लॉकची? माझ्या हिशेबाने ३,००० ब्लॉक पुरतील, बरोबर आहे का? आणि पायात सिमेंट टाळायचं म्हणून चरात नुसते दगड भरायचा विचार आहे, व्हिडिओंमध्ये तसं करतात. चालेल?

---

पायाखालची

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथेच घर फाटेल. चरात नुसते दगड भरायची पद्धत चांगली आहे, पण ती पाणी झिरपून निघून जाणाऱ्या जमिनीसाठी. काळ्या मातीत तो चर म्हणजे घराच्या बुडाखाली बांधलेली नाली. पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून आत येतं, बाहेर जायला वाट नसते, आणि दोन्ही बाजूंची माती आतूनच फुगते. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया दरवर्षी थोडा वर, थोडा खाली. आणि घराच्या चारही बाजू सारख्या हलत नाहीत, भिंत फाटते ती त्यामुळे.

माती किती वाईट आहे ते घरीच कळतं. वाळलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा, १०-१० ग्रॅम १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो तुमचा आधार. पाण्यात १८ मिलीपर्यंत आली आणि रॉकेलमध्ये १० वर राहिली, तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेला की त्या मातीवर काहीही टेकवायचं नाही.

तुमचं नशीब चांगलं, मुरूम ५ फुटांत आहे. चर सगळीकडे मुरमात किमान ३० सेमी शिरेपर्यंत न्या, म्हणजे खोली १.५ ते १.८ मीटर. रुंदी ६० सेमी. खोदलेली माती काठापासून मीटरभर लांब टाका; भेगाळलेल्या काळ्या मातीचा काठ वजनाने अख्खा सुटून येतो, आणि ६० सेमीच्या चरात खाली बसलेल्या माणसाला हलायला जागा नसते.

तळाला १५ सेमी काँक्रीट १:४:८ (सिमेंट, रेती, खडी). त्यावर काळ्या पाषाणाचं बांधकाम, ६० सेमी रुंद, ७५ सेमी उंच; मग ४५ सेमी रुंद करून जमिनीच्या ६० सेमी वर जोत्यापर्यंत. भिंतींची एकूण लांबी मधली धरून ३१ मीटर, म्हणजे दगडकाम साधारण ३३ घनमीटर. दगड फटींसह ४१ घनमीटर मागवा, १०० घनफुटांच्या ट्रॉलीने १४-१५ ट्रॉल्या. सिमेंट-रेतीच्या १:६ मसाल्यात बांधलंत तर काँक्रीट धरून ६५ गोण्या सिमेंट लागेल. भिंतीच्या ब्लॉकना लागेल त्याच्या जवळपास दुप्पट सिमेंट जमिनीखाली जातंय, हे ‘मातीच्या घराच्या’ बजेटमध्ये कुणी सांगत नाही. कमी करायचं असेल तर चुना-सुर्खीचा (सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड) मसाला वापरा. मात्र तो सावकाश धरतो, वर ब्लॉक चढवायला महिनाभर थांबावं लागतं.

जोत्याच्या आत आणि बाहेर, कुठेही काळी माती परत भरू नका. मजूर हमखास भरतात, कारण ती शेजारीच पडलेली असते. मुरूम १५ सेमीच्या थरांत, पाणी मारून धुम्मसाने ठोकून भरा. जोत्याभोवती दीड मीटर रुंद फरशी, बाहेर ५ सेमी उतार, आणि जोतं व फरशी यांच्यातला सांधा डांबराने भरा. सिमेंटने भरलात तर पहिल्या पावसाळ्यातच उघडेल.

मुरूम ८-१० फुटांवर असता तर इतका खोल चर परवडला नसता. तिथे रुडकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने काढलेले, खाली फुगा असलेले पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) घालतात, साधारण साडेतीन मीटर खोल, आणि वरच्या तुळईखाली ८ सेमी पोकळी सोडतात, म्हणजे फुगलेली माती तुळईला उचलत नाही. तुम्हाला त्याची गरज नाही.

---

ठोकळा

काळी माती भिंतीत नको. वाळताना इतकी आकसते की वीट साच्यातच तडकते. वरची ३० सेमी बागेसाठी वेगळी ठेवा, बाकीची शेतकऱ्याला द्या.

ब्लॉकसाठी मुरूम चाळून घ्या, पण इथला मुरूम बहुतेकदा खरबरीत असतो, त्यात चिकट अंश कमी. त्यात पिवळी माती थोडी थोडी मिसळून पाहा. अंदाजे अर्धी रेती, पाचवा हिस्सा चिकणमाती, बाकी बारीक खडी आणि गाळ असं मिश्रण जमलं की झालं. बरणीत पाणी घालून हलवायची चाचणी सगळे करतात, पण तिच्यावर एकटीवर भिस्त नको. काळ्या मातीचा थोडा अंश असला तरी वरचा थर फुगून दुप्पट दिसतो आणि वाटतं चिकणमाती भरपूर आहे.

त्यापेक्षा पेटी करा. आतून ६० सेमी लांब, ४ सेमी रुंद, ४ सेमी खोल. आतून तेल लावा, ओलसर माती दाबून भरा, तीन दिवस उन्हात किंवा आठवडाभर सावलीत वाळवा. मग माती एका टोकाला ढकलून दुसऱ्या टोकाची फट मोजा. १५ मिमीपर्यंत असेल तर सिमेंट एकास माती अठरा. १५ ते ३० मिमीला एकास सोळा, ३० ते ४५ ला एकास चौदा. ६० च्या वर गेली तर मिश्रणच बदला, सिमेंट वाढवून सुधारत नाही.

संख्या. ३१ मीटर × २.७ म्हणजे जवळपास ८४ चौरस मीटर, दारं-खिडक्या वजा करून ७१. हातदाबाच्या मशीनचा २३० × १९० × १०० चा ब्लॉक, भिंत २३० मिमी जाड, सांधा १० मिमी: चौरस मीटरला ४५-४६ ब्लॉक. म्हणजे ३,२३०, आणि तुटफूट ७ टक्के धरून ३,४५०. तुमचे ३,००० कमी पडतील. शिवाय दोन्ही टोकांचे त्रिकोण तुम्ही मोजलेलेच दिसत नाहीत. ते आणखी १० चौरस मीटर, पण त्याबद्दल खाली कुणीतरी बोलेलच.

एकास सोळाने ३३ गोण्या सिमेंट. एका गोणीत शंभरेक ब्लॉक. सैल चाळलेली माती २५ घनमीटर, ९ ट्रॉल्या. सहा माणसं रोज ४०० काढतात, पहिले दोन दिवस २०० सुद्धा निघत नाहीत.

ओलावा बघायला गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर ठीक. चपटा एकच राहिला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट घातलेलं मिश्रण अर्ध्या तासात दाबून संपवा. चहाला थांबलात तर ती घमेली बागेत जाणार. निघालेला ब्लॉक पहिला दिवस प्लॅस्टिकखाली, मग २८ दिवस पाणी. पाच-सहा थरांपेक्षा उंच रास लावू नका, खालच्यांच्या कडा जातात. शेवटी एक ब्लॉक २४ तास पाण्यात बुडवून नखाने खरवडून बघा; माती सुटली तर सगळी रास तपासा.

बांधायला नुसता सिमेंटचा मसाला नको, तो ब्लॉकपेक्षा कडक होतो आणि तडा ब्लॉकमधून जातो. सिमेंट एक, चाळलेली माती दोन, रेती सहा.

---

राऊकर

फार उपयोगी. मग हाताने थापलेली भिंत पूर्ण सोडून द्यायची का? आतली आडवी भिंत तरी तशी करावी असं मनात आहे. आणि सिमेंट अजिबात नको असेल तर?

---

ठोकळा

सिमेंटशिवाय करता येते, पण नकाशा बदलेल. मातीच्या इमारतींसाठीच्या आयएस १३८२७ या भारतीय मानकात नियम आहेत: भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नको, आणि दोन आडव्या आधारांमधलं अंतर जाडीच्या दहापटीपेक्षा जास्त नको. २.७ मीटरसाठी किमान ३४ सेमी, व्यवहारात ३८. दहापट म्हणजे ३.८ मीटर, तर तुमची ६ मीटरची बाजू मधे बुरूज (भिंतीला टेकू देणारा जाड खांब) दिल्याशिवाय बसत नाही. खिडकी कोपऱ्यापासून १.२ मीटर लांब, रुंदी १.२ च्या वर नाही. त्यातही जाड भिंतीने खोल्यांची जागा जाते ती वेगळीच.

आतली भिंत मात्र थापलेली नको, कारण आढं (छपराच्या माथ्याची तुळई) तिच्यावर टेकणार आहे. दोन्हीकडे ब्लॉक आणि मधे थापलेली, असं केलं तर ओली भिंत वाळताना बसते, ब्लॉकची बसत नाही, आणि आढं मधेच वाकतं. हौस असेल तर न्हाणीबाहेरचा ओटा, कोनाडे, बसायचा कट्टा हाताने करा. जोत्यावर आणि दारांच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी मात्र सोडू नका: ७५ ते १०० मिमी जाड, १० मिमीच्या दोन सळ्या, ६ मिमीच्या कड्या १५० मिमीवर. कोपऱ्यात सळ्या वळवून पुढे किमान ५० सेमी न्या. सळी कोपऱ्यावर कापली तर पट्टी असून नसल्यासारखी.

---

वळचण

छपरावर येतो. पूर्व-पश्चिम आढं म्हणजे वळचणी उत्तर-दक्षिणेला, आणि उघडे त्रिकोण पूर्व-पश्चिमेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, आणि उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणजे सगळ्यात उंच, सगळ्यात उघडी भिंत नेमकी मार खायच्या बाजूला.

चौपाखी करा असं कुणी सुचवेल. नका करू. तुमच्या नकाशात आढ्याला तीन टेकू आहेत, दोन टोकाच्या भिंती आणि मधली. म्हणून कैचीशिवाय (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याशिवाय) भागतं. चौपाखीत टोकाचे टेकू जातात आणि कैच्या आल्या, कोनवासे आले, सुताराचे दिवस दुप्पट.

त्याऐवजी पश्चिमेला पडवी. रुंदी १.५ मीटर, उतार २५ अंश, छप्पर मुख्य भिंतीला २.७ वर धरा. खांबापाशी उंची दोनच मीटर उरते, म्हणून पडवीचं जोतं घरापेक्षा एक पायरी, १५ सेमी, खाली ठेवा. मग खांबापाशी २.१५ आणि ३० सेमी पुढच्या वळचणीला दोन मीटर मिळतात. पडवीच्या खांबांचा पायाही मुरमापर्यंत गेला पाहिजे. इथे सगळे फसतात, ‘खांबावर वजन काय आहे’ म्हणून दोन फुटांवर थांबतात. वजन नाही हीच अडचण आहे. फुगणारी माती हलक्या खांबाला जास्त सहज उचलते, आणि पडवीची कवेलं भिंतीपासून सुटून नेमकी तिथून गळती लागते.

वरचा त्रिकोण ब्लॉकने भरू नका. भूकंपात पहिला तोच बाहेर पडतो. मधोमध ४५ सेमीचा खांब ब्लॉकमध्येच आढ्यापर्यंत न्या, बाकी बांबूच्या चटया किंवा फळ्या, मधे फटी. छपराखालची गरम हवा तिथून निघते. माळव्यातल्या रात्री उगाच ‘शब-ए-मालवा’ म्हणून नावाजलेल्या नाहीत. दिवसभर तापलेली जड भिंत रात्रीच्या वाऱ्याने धुवून निघाली तरच सकाळी गार राहते. खिडक्या समोरासमोर हव्यात आणि रात्री उघड्या ठेवता येतील अशा, गजांच्या.

दक्षिणेकडच्या खिडक्यांचा हिशेब. भिंतीपासून ९० सेमी वळचण, ३० अंशाने उतरून तिची कड खोलीच्या जमिनीपासून २.१८ मीटर वर येते. इंदूर २२.७ अंशावर, म्हणजे डिसेंबरात दुपारचा सूर्य ४४ अंशावर. वळचणीची सावली कडेच्या ८७ सेमी खाली, १.३१ मीटरपर्यंत येते. तुमची खिडकी ०.९ ते २.१ असेल तर थंडीत खालच्या फक्त ४० सेमीतून ऊन येईल. खिडकीचा उंबरा ६० सेमीवर आणलात तर ७० सेमी ऊन मिळतं. २१ मार्चला सूर्य ६७ अंशावर जातो तेव्हा सावली जमिनीला टेकते, म्हणजे उन्हाळ्याची काळजी नाही. पश्चिमेला हे गणित लागू नाही, तिथे सूर्य समोरून येतो. त्या भिंतीत खिडकी काढायचीच असेल तर लहान, पडवीच्या आत, आणि चिक (बांबूचा पडदा) लावून.

लाकूड: आढं ४ × ८ इंच, वासे ३ × ५ इंच, ६० सेमीवर, साडेचार मीटर लांब, ३० नग. जुन्या घरांचं सागवान मिळालं तर उत्तम, पण खिळ्यांची भोकं मोजून घ्या. ही मापं इंजिनिअरला दाखवा. दोन्ही टोकांना ६० सेमी बाहेर धरून छपराचं क्षेत्र ७६ चौरस मीटर, चौरस मीटरला १६ प्रमाणे तुटफुटीसह १,२७५ कवेलू, पडवीचे वेगळे. रिपांचं अंतर आधी ठरवू नका. कवेलूंची गाडी आल्यावर दहा कवेलू जमिनीवर अडकवून मोजा. दोन भट्ट्यांचा माल एका पाख्यावर मिसळला की अर्धा सेंटिमीटर चुकतो आणि वर जाईपर्यंत ओळ तिरपी होते.

रीप, चटयांना बांबू वापरणार असाल तर तीन-चार वर्षांचा, थंडीत तोडलेला घ्या. गाठी आतून फोडून बोरॅक्स तीन आणि बोरिक अॅसिड दोन या प्रमाणात ५ टक्क्यांच्या पाण्यात दहा दिवस बुडवा. गाठी न फोडता बुडवलात तर औषध पोकळीत जात नाही, वर्षभरात पिवळा भुगा खाली पडायला लागतो.

---

झटपट

एवढा खटाटोप कशाला भिया. बाहेरून जाळी मारून सिमेंटचा गिलावा करा, पावसाचा प्रश्नच मिटला.

---

चुनाभट्टी

मिटत नाही, झाकला जातो. सिमेंटचा थर कडक, मागची भिंत मऊ. दोघांचं तापणं-फुगणं वेगळं. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं, पण वाळून बाहेर येता येत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी बाहेरून गिलावा ठीक दिसतो, आणि हाताने ठोकला तर भदभद आवाज येतो. जाळीमुळे तो पडत नाही इतकंच, आत भिंत भिजत राहते.

चांगला ब्लॉक, ९० सेमी वळचण आणि ६० सेमी जोतं असेल तर बाहेरून गिलावा नसला तरी चालतं. खालच्या दोन थरांना पागोळ्यांचं पाणी उडतं, तेवढ्यांना करा. करायचाच तर चुन्याचा. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान महिनाभर ओलाच ठेवा, वर पाण्याचा थर राहू द्या. विरवताना उकळतो, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नका. चुना एक, रेती तीन. भिंत आदल्या रात्री आणि सकाळी भिजवा. पहिला थर १२ मिमी, तो बोटाने दबेनासा झाला की ६ मिमीचा दुसरा. बेलफळाचं पाणी घालतात ते चिकटपणासाठी. गूळ जास्त पडला तर मुंग्या येतात.

आतून मातीचा गिलावा स्वस्त आणि सुखद: चिकणमाती एक, रेती अडीच, गव्हाचं भूस मूठमूठ, आठवडाभर कुजवून. न्हाणीत मात्र मातीला जागा नाही. तिथल्या भिंती भाजलेल्या विटेच्या किंवा दगडाच्या, पाण्याच्या सगळ्या नळ्या एकाच भिंतीवर आणि उघड्या. भिंतीत दडवलेला गळका नळ काळ्या मातीपर्यंत पोचला तर पायाखालच्या दादांनी सांगितलेलं सगळं वाया. शोषखड्डा घरापासून किमान ५ मीटर, उताराच्या खालच्या बाजूला.

---

पायाखालची

एक राहिलं, वेळ. ब्लॉक डिसेंबर-जानेवारीत काढा, उन्हाचा ताप नसल्याने पाणी टिकतं. चर जानेवारीत खणून त्याच महिन्यात भरून घ्या, मार्चपासून भिंती, कवेलू मेच्या मध्यापर्यंत वर. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाने गाठलं आणि छप्पर नसेल तर ताडपत्री भिंतींच्या माथ्यावर बांधा, उघडा माथा सगळ्यात आधी भिजतो. चुन्याचा गिलावा मेमध्ये करू नका, धरायच्या आत वाळतो. दसऱ्यानंतर.

चर भरायच्या आधी चारही कोपऱ्यांत पहार मारून बघा, सगळीकडे मुरूमच लागतोय ना. तुमच्या दोन खड्ड्यांतच एका फुटाचा फरक आहे, उरलेल्या दोन कोपऱ्यांत आणखी खोल असू शकतो.

---

राऊकर

शनिवारी उरलेले दोन खड्डे घेतो. पाणी-रॉकेलची चाचणी लावली आहे, सकाळी आकडे टाकतो.